अंतर घटलें, ताप एकवटला

संगणकाच्या पडद्यावर एखादें चित्र हलूं लागतें तेव्हां त्यामागें किती श्रम घडत असतात, याची कल्पना पाहणाराला सहसा येत नाहीं. आज घरोघर दिसणाऱ्या मध्यम प्रतीच्या पडद्यावर रुंदींत १,९२० आणि उंचींत १,०८०, म्हणजे एकंदर २० लाखांहून अधिक बिंदु असतात. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून त्यांतील प्रत्येक बिंदूचा रंग सेकंदास ६० वेळां नव्यानें ठरवावा लागतो. आणि एकेका बिंदूचा रंग ठरवावयाचा म्हणजे प्रकाश कोठून येतो, पुढची वस्तु मागच्या वस्तूला झांकते कीं काय, पृष्ठभाग खरबरीत आहे कीं तकतकीत, अशा नाना प्रश्नांचीं उत्तरें गणितानें काढावीं लागतात. एकच हुशार कारकून हें काम पुरें करूं शकणार नाहीं. तेथें एकाच वेळीं हिशेब करणारे हजारों कारकून हवेत. असे हजारों कारकून एका चिपमध्यें बसवून, त्यांना लागणारी स्मृति, वीज आणि थंडावा यांची व्यवस्था एका पट्टीवर केली, कीं जें साधन तयार होतें त्यालाच ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

या साधनाची थोरवी सांगतांना विक्रेते वेगाचे आंकडे पुढें करतात. परंतु त्याची खरी कसोटी निराळीच आहे. कार्डानें ओढलेली वीज शेवटीं जाते कोठें? पंपाची वीज पाणी वर चढविते, गिरणीची वीज धान्य दळते. येथें मात्र उचलावयाचें ओझें नाहीं कीं दळावयाचें धान्य नाहीं. म्हणून कार्डांत शिरलेल्या विजेचा जवळजवळ सगळा भाग अखेर उष्णतेच्या रूपानेंच बाहेर पडतो. २७५ वॅट वीज घेणारें कार्ड ही हिशेब करणारी २७५ वॅटची शेगडीच होय. ती शेगडी थंड कशी ठेवावी, आणि तिच्यावरील कारकुनांना हवी ती माहिती वेळेवर कशी पोंचवावी, या दोन चिंतांनींच तिची रचना करणाराची झोंप उडविलेली असते. पहिली चिंता उष्णतेची, दुसरी अंतराची. या दोहोंचें नातें किती निकट आहे, हें एका कार्डाच्या उदाहरणानें फार स्पष्ट होतें.

तें कार्ड म्हणजे अमेरिकेंतील ए.एम.डी. या कंपनीचें ‘रेडिऑन आर ९ फ्युरी एक्स’. १६ जून २०१५ रोजीं लॉस एंजेलिस येथें तें जाहीर झालें आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस ६४९ डॉलर किंमतीस बाजारांत आलें. त्या काळीं त्या दर्जाचीं कार्डें साधारणतः २७ सेंटिमीटर लांब असत. हें मात्र अवघें १९ सेंटिमीटरांच्या आसपास भरत होतें. शिवाय त्याच्या अंगावर पंखा नव्हता. त्यांतून दोन जाड नळ्या बाहेर पडून एका चौकोनी रेडिएटरला जोडलेल्या होत्या, आणि १२ सेंटिमीटरांचा एकच पंखा त्या रेडिएटरवर बसविलेला होता. पाहणाराला साहजिकच दोन प्रश्न पडत. सर्वांत बलाढ्य म्हणून पुढें आणलेलें कार्ड इतकें आंखूड कां? आणि त्याला पाण्याची गरज कां? हे प्रश्न वेगळे दिसतात, परंतु त्यांचें मूळ एकच आहे.

तें मूळ शोधावयाचें तर प्रथम त्याच कंपनीच्या आदल्या कार्डाकडे पाहिलें पाहिजे. ऑक्टोबर २०१३ मध्यें ‘आर ९ २९० एक्स’ हें कार्ड निघालें. त्याच्या पट्टीच्या मध्यभागीं मुख्य चिप होती आणि तिच्या भोंवतीं १६ मेमरी चिप मांडल्या होत्या. मुख्य चिपनें हिशेब करावयाचे आणि त्यांस लागणारी माहिती भोंवतालच्या स्मृतींतून आणावयाची, अशी ही मांडणी. माहितीच्या ने-आणीसाठीं ५१२ तारा होत्या आणि प्रत्येक तारेंतून सेकंदास ५०० कोटी संकेत धांवत. त्यायोगें सेकंदाला ३२० गिगाबाइट माहिती मुख्य चिपपर्यंत पोंचूं शके. मुख्य चिप आणि तिच्या सभोंवारची मेमरी मिळून पट्टीवरील सुमारें ११० मिलिमीटर लांब व ९० मिलिमीटर रुंद जागा अडवीत.

तारा म्हटल्या तरी त्या लोंबत्या तारा नव्हेत. कांचतंतु आणि राळ यांच्या पातळ थरांवर तांब्याच्या अरुंद रेघा उमटविलेल्या असतात; असे अनेक थर एकमेकांवर दाबून एकच पट्टी बनते, आणि एका थरावरील रेघ दुसऱ्या थरावर न्यावयाची असेल तेथें बारीक भोंक पाडून त्याच्या आंतून तांबें चढवितात. या पट्टीलाच सर्किट बोर्ड म्हणतात. एका तारेंतून सेकंदास ५०० कोटी संकेत जात असले म्हणजे एका संकेताच्या वांट्याला सेकंदाच्या अब्जांशाचा अवघा पांचवा हिस्सा येतो. तेवढ्या अवधींत विद्युत्संकेत बोर्डावरून फार तर तीन सेंटिमीटर पुढें सरकतो. म्हणजे शेजारशेजारच्या दोन रेघांच्या लांबींत कांहीं मिलिमीटरांचा फरक पडला, तरी बरोबर निघालेले संकेत मागें-पुढें पोंचतील आणि माहितीचा घोटाळा होईल. म्हणून बोर्ड आंखणारे जवळच्या चिपकडे जाणारी रेघ मुद्दाम नागमोडी काढतात, जेणेंकरून तिची लांबी दूरच्या रेघेइतकी व्हावी. कार्डाच्या उघड्या बोर्डावर ज्या वेलबुट्टीसारख्या वळणदार रेघा दिसतात, त्या शोभेसाठीं नसून लांबीचा हिशेब जुळविण्यासाठीं असतात.

या मांडणींत अंतराची किंमत दोनदां मोजावी लागे. एक तर जागा जाई. दुसरें असें कीं, लांब रेघेंतून इतक्या वेगानें संकेत ढकलण्यास वीजहि बरीच खर्ची पडे. रेघ ही विजेची एक लहानशी सांठवणच असते. प्रत्येक संकेताबरोबर ती भरावी आणि रिकामी करावी लागते. रेघ जितकी लांब आणि वेग जितका अधिक, तितका हा खर्च मोठा. हिशेब करण्यासाठीं जी वीज वापरावयाची, तिच्यांतला मोठा वांटा केवळ माहितीच्या हमालींत जाऊं लागला, तर कारकून वाढवून उपयोग काय? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें म्हणतात. येथें आडांत पाणी भरपूर होतें, परंतु आड घरापासून दूर होता आणि पाणी वाहणाराचेच हाल होत होते.

फ्युरी एक्सच्या रचनाकारांनीं यावर जो उपाय केला, तो आड घराच्या चौकांतच खणण्याचा. एस.के. हायनिक्स या कोरियांतील कंपनीच्या सहकार्यानें त्यांनीं नव्या घडणीची स्मृति वापरली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एच.बी.एम. म्हणतात. तिचें मर्म असें: मेमरी चिप शेजारीं-शेजारीं पसरून न ठेवतां एकावर एक रचावयाच्या, आणि त्यांच्या सिलिकॉनलाच आरपार सूक्ष्म छिद्रें पाडून त्यांतून वरपासून खालपर्यंत विजेच्या वाटा न्यावयाच्या. एका राशींत स्मृतीच्या चार चिप आणि तळाशीं कारभार पाहणारी पांचवी चिप, अशी पांच मजली रचना होते. अशा एका राशींत एक गिगाबाइट माहिती मावते आणि तिची जागा केवळ ७ मिलिमीटर लांब व ५ मिलिमीटर रुंद, म्हणजे ३५ चौरस मिलिमीटर. जुन्या पद्धतीनें एवढीच स्मृति बोर्डावर मांडावयाची तर ६७२ चौरस मिलिमीटर जागा लागे. सपाट चाळ पाडून मनोरा उभारावा, तसा हा प्रकार होता.

परंतु मनोरा उभारला म्हणजे काम भागलें असें नाहीं. प्रत्येक राशींतून १,०२४ तारा निघतात. चार राशी मिळून ४,०९६ झाल्या. एवढ्या तारा नेहमींच्या सर्किट बोर्डावर उमटविणें अशक्य, कारण बोर्डावरील रेघा त्या मानानें फारच जाड असतात. म्हणून मुख्य चिप आणि चारी राशी प्रथम सिलिकॉनच्याच एका रुंद पातळ तबकडीवर बसविल्या. या तबकडीला इंटरपोझर असें नांव आहे. तिचें क्षेत्रफळ १,०११ चौरस मिलिमीटर होतें आणि तिच्यावर रेघा उमटविण्यासाठीं चिप बनविण्याचेंच तंत्र वापरलें होतें. त्यामुळें हजारों रेघा दाटीवाटीनें पण स्वच्छपणें नेतां आल्या. तबकडी एक, मुख्य चिप एक आणि चार राशींतील वीस, मिळून बावीस सिलिकॉनचे तुकडे एकाच वेष्टनांत नांदूं लागले. मुख्य चिप आणि तिची सारी स्मृति मिळून आतां ७० मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद जागेंत मावली. जुन्या जागेच्या निम्म्यानेंच काम झालें. बोर्डावरील नागमोडी रेघांचें जंजाळ नाहींसें झालें, सोळा चिप नाहींशा झाल्या, आणि बोर्ड आपोआप आंखूड झाला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तें हें.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. नव्या स्मृतीच्या प्रत्येक तारेंतून सेकंदास केवळ १०० कोटी संकेत जात. म्हणजे वेग पूर्वीच्या पांचव्या हिश्श्याइतकाच. तरीहि तारा आठपट झाल्यामुळें एकंदर माहिती सेकंदास ३२० ऐवजीं ५१२ गिगाबाइट पोंचूं लागली. मेमरीचा विद्युद्दाबहि १.५ व्होल्टवरून १.३ व्होल्टवर आला. घाईनें धांवणाऱ्या थोड्या हमालांपेक्षां सावकाश चालणारे अनेक हमाल, तेहि अगदीं जवळच्या अंतरावर, कमी श्रमांत अधिक माल पोंचवितात, हा अनुभव बाजारपेठेंतला आहे. विजेच्या राज्यांतहि तोच खरा ठरला.

स्मृतीच्या हमालींत जी वीज वांचली ती रचनाकारांनीं शिल्लक टाकली नाहीं. ती मुख्य चिपच्या पदरीं घातली. ही चिप २८ नॅनोमीटर तंत्रानें बनविलेली होती. तिचें क्षेत्रफळ ५९६ चौरस मिलिमीटर, तीवरील ट्रान्झिस्टर सुमारें ८९० कोटी, आणि हिशेब करणारे घटक ४,०९६. आदल्या कार्डांत हे घटक २,८१६ होते. १,०५० मेगाहर्ट्झ गतीनें ते सर्व एकसमयावच्छेदेंकरून कामाला लागले म्हणजे सेकंदाला ८.६ लक्ष कोटी गणितें करण्याचें सामर्थ्य येई. कार्डाची नेहमींची विजेची भूक २७५ वॅट सांगितली होती.

आतां ही वीज चिपपर्यंत पोंचते कशी, हें पाहणें अगत्याचें आहे. कारण आंखूड झालेल्या बोर्डावर जी जागा उरली, तिचा मोठा भाग याच कामीं आला. कार्ड ज्या खांचेंत बसतें ती खांच नियमाप्रमाणें ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याखेरीज आठ-आठ टांचण्यांच्या दोन जोडण्यांतून प्रत्येकीं १५० वॅट मिळूं शकतात. म्हणजे एकंदर ३७५ वॅटची सोय झाली. ही वीज १२ व्होल्ट दाबानें येते. चिपला मात्र एक व्होल्टच्या आगेंमागें दाब लागतो. दाब बारा ठिकाणीं उतरून एकावर आला कीं तेवढ्याच विजेसाठीं प्रवाह जवळजवळ बारापट वाढतो. जोडण्यांतून वीस-पंचवीस अँपिअर प्रवाह यावा आणि चिपपाशीं तो दोनशें अँपिअरांच्या घरांत जावा, असें हें रूपांतर आहे. घरांत पाणी तापविण्याचें विजेचें उपकरणहि दहा-पंधरा अँपिअरांवर जात नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोनशें अँपिअर हा आंकडा काय सांगतो तें कळेल.

एवढा प्रवाह एकाच वाटेनें सोडला तर ती वाट जळून जाईल. म्हणून फ्युरी एक्सच्या बोर्डावर तो सहा शाखांत विभागला होता. प्रत्येक शाखेंत वीज सेकंदास लाखों वेळां चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, तिचे धक्के सोसणारें तारेचें वेटोळें, आणि चढउतार निवळविणारीं धारकें, अशी योजना असते. आणि सहा शाखा एकामागून एक पाळीपाळीनें काम करतात, त्यामुळें कोणा एकीवर सारा भार पडत नाहीं. या सहा शाखा मिळून ४०० अँपिअरपर्यंत प्रवाह देऊं शकतील, असें कंपनीनें जाहीर केलें होतें. त्या मुद्दाम चिपच्या अगदीं निकट बसविल्या होत्या. कारण इतका मोठा प्रवाह बोर्डावरून चार बोटें अधिक न्यावयाचा म्हटला तरी वाटेंतच दाब घटतो आणि तांबें तापूं लागतें. येथेंहि अंतराचाच प्रश्न आणि निकटतेचेंच उत्तर.

परंतु निकटतेला आपली किंमत असते. जी उष्णता पूर्वी रुंद पट्टीवर विखुरली जात होती, ती आतां तळहाताहून लहान जागेंत एकवटली. २७५ वॅटपैकीं २४० वॅट जरी मुख्य चिपमधून बाहेर पडतात असें धरलें, तरी तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागें ४० वॅट होतात. कपड्यांना लावावयाची १,००० वॅटची इस्त्री घेतली आणि तिचा तळ २०० चौरस सेंटिमीटरांचा मानला, तर तेथें प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पांचच वॅट पडतात. म्हणजे तापलेल्या इस्त्रीच्या तळाहून आठपट दाट अशी ही उष्णता! इस्त्रीचें काम तापण्याचेंच आहे. चिपचें तसें नाहीं. ती तापली कीं तिच्यांतून वायफळ गळणारी वीज वाढते, त्या गळतीनें ती आणखी तापते, आणि शेवटीं स्वतःला वांचविण्यासाठीं तिला गति कमी करावी लागते. आदल्या कार्डाची चिप ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापूं दिली जात असे, आणि तिचा पंखा एवढा गर्जत असे कीं त्याविषयीं परीक्षकांनीं उघड नाराजी दाखविली होती. तो अनुभव ताजा होता.

म्हणून पाणी. एक लिटर हवा एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता एक लिटर पाण्याला तेवढेंच तापविण्यास लागते. याचा अर्थ असा कीं पाण्याचा बारीकसा ओघहि हवेच्या मोठ्या झोताचें काम करूं शकतो. मिनिटाला एक लिटर पाणी चिपवरून वाहतें असें समजून हिशेब केला, तर २७५ वॅटची सारी उष्णता पोटांत घेऊनहि त्याचें तपमान फक्त चार अंशांनीं चढतें. फ्युरी एक्समध्यें हें पाणी, अथवा खरें सांगावयाचें तर पाण्याच्या जातीचा द्रव, कारखान्यांतच भरून नळ्या कायमच्या बंद केलेल्या होत्या. चिप आणि चारी राशी यांवर तांब्याचा पत्रा टेकलेला. पत्र्यालगत लहानसा पंप. पंपानें ढकललेला द्रव नळीवाटे रेडिएटरकडे जाई, तेथें पंख्याच्या वाऱ्यानें निवे आणि दुसऱ्या नळीनें परत येई. त्याच ओघाची एक तांब्याची नळी वीज उतरविणाऱ्या सहा शाखांवरूनहि फिरविली होती. कारण त्याहि तापतात. खेळतांना चिप ५० अंशांच्या आसपास राहील असें कंपनीनें सांगितलें होतें, आणि गारव्याची ही योजना ५०० वॅटपर्यंत उष्णता वाहूं शकेल असाहि तिचा दावा होता.

मात्र पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं; तें ती उचलून दुसरीकडे नेतें, एवढेंच. ५० अंशांची चिप खोलींत ओततें तें २७५ वॅटच, आणि ९५ अंशांची चिपहि तेवढीच वीज घेत असेल तर तेवढेंच ओतील. लाभ आहे तो जागेचा: चिपवर जागा नाहीं, पेटीच्या कडेला आहे. जेथें उष्णता दाटली तेथून ती जेथें पसरण्यास ऐसपैस वाव आहे तेथें नेली. हीच गोष्ट दुसऱ्या मार्गानेंहि साधतां येते, हें त्याच चिपवर पुढें निघालेल्या कार्डांनीं दाखविलें. जुलै २०१५ मध्यें निघालेल्या धाकट्या ‘फ्युरी’ कार्डांपैकीं सफायर या कंपनीच्या कार्डांत तोच आंखूड बोर्ड होता, परंतु वर तीन पंख्यांचा लांबलचक डोलारा. तो बोर्डाच्या कडेबाहेर कितीतरी पुढें आलेला दिसे. अंतर बोर्डांतून काढून टाकलें तर तें गारव्यांत परत आलें! आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत निघालेल्या ‘आर ९ नॅनो’ या केवळ सहा इंची कार्डानें ४,०९६ घटकांची पूर्ण चिप एका साध्या पंख्यावर चालवून दाखविली. मात्र विजेची मर्यादा १७५ वॅटवर आणून आणि गति सोडून. शेवटच्या थोड्या गतीसाठीं विजेचा किती मोठा वांटा जळतो, हें त्या जोडीकडे पाहून कोणालाहि समजावें.

मग हें कार्ड विजयी झालें काय? याचें प्रामाणिक उत्तर नाहीं असेंच द्यावें लागेल. जूनच्या आरंभींच एन्व्हिडिया कंपनीनें ‘जी.टी.एक्स. ९८० टी.आय.’ हें कार्ड तितक्याच किंमतीस काढलें होतें. त्याची स्मृति जुन्या घडणीची, पोंचविण्याची शक्ति सेकंदास ३३६ गिगाबाइट, आणि गारवा साध्या पंख्याचा. तरीहि नेहमींच्या पडद्यावर बहुतेक परीक्षणांत तें किंचित् पुढें राहिलें. ८० लाखांहून अधिक बिंदूंच्या भव्य पडद्यावर मात्र दोन्ही जवळजवळ बरोबरीचीं ठरलीं. याचीं कारणें होतीं. फ्युरी एक्समध्यें हिशेबनीस वाढविले होते, परंतु तयार बिंदु अखेर स्मृतींत उतरविणारे घटक आदल्या कार्डाइतकेच, ६४, ठेविले होते. पाणी मुबलक आणि सैपाकी पुष्कळ, पण वाढपी तेवढेच राहिले, तर पंगत लवकर कशी उठणार? दुसरी उणीव स्मृतीच्या आकाराची. पहिल्या पिढीच्या राशींत एक गिगाबाइटच मावत असल्यामुळें चार राशींत चारांवर जातां येईना. प्रतिस्पर्ध्यापाशीं सहा होते, आणि खुद्द ए.एम.डी.च्याच त्या महिन्यांतील ‘आर ९ ३९० एक्स’ या स्वस्त कार्डावर आठ होते. आड अंगणांत आला, पण तो लहान निघाला.

पाण्यानेंहि आपली दक्षिणा घेतली. पहिल्या खेपेच्या कांहीं कार्डांच्या पंपांतून शिटीसारखा बारीक आवाज येतो, अशी तक्रार परीक्षकांनीं केली. कंपनीनें ती मान्य करून पुढील खेपांत दुरुस्ती केल्याचें सांगितलें. गारव्याची सामग्री कूलर मास्टर या कंपनीची होती. पंप आणि तांब्याचा पत्रा एकत्र बसविण्याच्या कल्पनेवर डेन्मार्कच्या असेटेक कंपनीचें पेटंट होतें आणि त्यावरून या दोघांत अमेरिकेच्या न्यायालयांत दावा चालला होता. २०१६ च्या आरंभीं असेटेकनें ए.एम.डी.ला हें कार्ड विकणें थांबविण्याची मागणी करणारें पत्रहि धाडलें. ग्राहकाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. पंखा बिघडला तर तो बदलतां येतो. परंतु कायमच्या बंद केलेल्या नळ्यांतील पंप थांबला, कीं कोट्यवधि ट्रान्झिस्टर धडधाकट असूनहि कार्ड खोळंबतें. सर्वांत महाग अवयवाचें आयुष्य सर्वांत साध्या फिरत्या अवयवाला बांधलें जावें, हा या रचनेंतला दुबळा दुवा होता. पुढें जून २०२१ मध्यें कंपनीनें या पिढीच्या कार्डांना नवे सॉफ्टवेअर देणें बंद केलें, आणि जेमतेम सहा वर्षांत त्याची सद्दी संपली.

परंतु बाजारांतील हार ही नेहमीं कल्पनेची हार असतेच असें नाहीं. एकावर एक रचलेली स्मृति आणि तिला मुख्य चिपच्या कुशींत बसविणारी सिलिकॉनची तबकडी ही जोडी या कार्डाबरोबर प्रथम सामान्य ग्राहकाच्या हातीं आली, आणि ती पुढें मागें पडली नाहीं. २०१६ मध्यें प्रतिस्पर्धी एन्व्हिडियानेंच आपल्या ‘पी १००’ या मोठ्या गणनयंत्रांत त्याच कुळांतील सुधारलेली स्मृति योजिली. पुढील पिढ्यांत राशींची उंची आणि धारणा वाढत गेली आणि चार गिगाबाइटांची ती जुनी मर्यादा कोठच्या कोठें मागें राहिली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत उभारलेला ‘ऐरावत’ महासंगणक २०२३ च्या जागतिक यादींत ७५ व्या क्रमांकावर आला. त्यांतील ‘ए १००’ चिपांच्या शेजारीं याच कुळांतील स्मृति बसलेली आहे. गारव्याचीहि तीच कथा. पुण्याच्याच आयसर संस्थेंत २०१९ मध्यें आलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकांत तापलेल्या भागांपर्यंत पाणी नेऊन थंड करण्याची पद्धत आहे. हजारों चिप जेथें एकत्र राबतात तेथें वाऱ्यावर भिस्त ठेवणें उत्तरोत्तर कठीण होत चाललें आहे.

तेव्हां घरासाठीं असें एखादें यंत्र निवडतांना केवळ वेगाचा आंकडा विचारून थांबूं नये. स्मृति किती आहे आणि ती कामाला पुरेशी आहे काय. वीज किती लागेल आणि घरच्या संगणकाची जोडणी ती देऊं शकेल काय. बाहेर पडणारी उष्णता पेटींत कोंडेल कीं बाहेर जाईल. फिरता भाग थांबला तर तो बदलतां येईल काय. आणि विकणारा त्याची काळजी किती वर्षें वाहील, हे प्रश्न साधे आहेत, पण कार्डाचें खरें मोल त्यांच्या उत्तरांतच दडलेलें असतें. फ्युरी एक्सच्या रचनाकारांनीं अंतर जिंकलें तेव्हां ताप त्यांच्यापुढें उभा राहिला. ताप जिंकण्यास पाणी आणलें तेव्हां पंप त्यांच्यापुढें उभा राहिला. यंत्रविद्येंत अडचण समूळ नाहींशी होत नाहीं. ती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागीं जाऊन बसते. आणि ती जेथें सोसवेल अशा जागीं नेऊन बसविणें, यालाच रचनेचें कौशल्य म्हणावयाचें.